स्वतंत्र वार्धक्याचा जमाखर्च

तापी नदीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर शहरात व त्याच्या पंचक्रोशीत वृद्धांच्या निर्वाहाचा प्रश्न पूर्वी घराच्या उंबरठ्याआतच सुटत असे. थोरला मुलगा शेती पाही, धाकटा मागावर बसे, सून चूल सांभाळी. त्या एका चुलीवर शिजणाऱ्या अन्नात म्हाताऱ्या आईबापांचा वाटा किती, याचा वेगळा हिशेब कोणी मांडीत नसे. आता अनेक घरांत तो मांडावा लागत आहे. शिकलेली मुले इंदूर, पुणे, मुंबई येथे नोकरीस गेली; मागावर काम करणारी काही सुरत-भिवंडीकडे वळली. मागे राहिलेले वडील किंवा आई मुलांकडे जाण्यास नेहमीच राजी असतात असे नाही. परगावच्या दोन खोल्यांत दिवस काढण्यापेक्षा आपल्या गल्लीत, आपल्या भाषेत, आपल्या घरी राहावे असे त्यांस वाटते. ही इच्छा रास्त आहे. मात्र तिला खर्च येतो. तो किती, आणि कोणत्या मार्गाने भागवावा, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे.

बुऱ्हाणपूरचा विचार मराठी वाचकांपुढे ठेवण्यास कारण आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या भागाचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या राज्यातून चाले. पुढे भोपाळ राजधानी झाली आणि 15 ऑगस्ट 2003 रोजी खंडव्यातून वेगळा होऊन बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. शासकीय व्यवहार हिंदीत चालतो. परंतु महाराष्ट्राच्या रावेर तालुक्याला लागून असलेल्या या प्रदेशात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. केळीचा व्यापार, सोयरीक व बाजारहाट यांनी सीमेच्या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एकाच कुटुंबातील एक भाऊ मध्य प्रदेशात, तर दुसरा महाराष्ट्रात वृद्ध होतो, आणि दोघांस मिळणारे शासकीय साहाय्य भिन्न असते.

चार घरे, चार परिस्थिती

वृद्धाचे मासिक उत्पन्न त्याने तरुणपणी कोणते काम केले यावर ठरते. जुन्या नियमाने सेवानिवृत्त झालेल्या शिक्षकाची किंवा शासकीय कर्मचाऱ्याची स्थिती सर्वांत सुरक्षित म्हटली पाहिजे, कारण त्याच्या निवृत्तिवेतनावर महागाईची वाढ मिळते. मध्य प्रदेशात 1 जानेवारी 2005 नंतर आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांसाठी मात्र अंशदानावर आधारलेली नवी व्यवस्था लागू करण्यात आली. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या अशा शिक्षकांनी आपली तुलना आपल्या गुरुजींच्या निवृत्तिवेतनाशी करू नये.

कापडगिरणीतील किंवा नेपानगरच्या कागद कारखान्यातील कामगाराची गोष्ट वेगळी. 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत निवृत्तिवेतन काढण्याची रीत सोपी आहे : निवृत्तिवेतनास पात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागावयाचे. 20 वर्षे सेवा पूर्ण करणाऱ्यास 2 वर्षे अधिक धरली जातात. वेतनाची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पर्यंत 6,500 रुपये होती. त्या हिशेबाने 6,500 गुणिले 22 भागिले 70, म्हणजे सुमारे 2,043 रुपये एवढे मासिक निवृत्तिवेतन बसते. किमान रक्कम सप्टेंबर 2014 मध्ये 1,000 रुपये ठरविण्यात आली. या निवृत्तिवेतनावर महागाईची वाढ नाही. ज्या दिवशी ते सुरू झाले त्या दिवशी त्यातून जेवढे धान्य येत असे, तेवढे दहा वर्षांनी येत नाही. या योजनेविषयीची खरी तक्रार हीच आहे, व ती निराधार म्हणता येणार नाही.

तिसरे घर केळी-कापसाच्या शेतकऱ्याचे. त्याच्यापाशी जमीन असते. रोख रक्कम हंगामात येते व हंगामातच जाते. चौथे घर यंत्रमागावर काम करणाऱ्याचे. मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्या पुष्कळ विणकरांस भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही आणि नजर मंदावली की कामही नाही. या घरातील वृद्धाचा विचार सर्वांत आधी करावयास हवा, आणि तोही तो वृद्ध होण्यापूर्वी. 9 मे 2015 रोजी सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत 18 ते 40 वर्षे वयाच्या व्यक्तीस भाग घेता येतो. साठीनंतर दरमहा 5,000 रुपये मिळावेत अशी इच्छा असेल, तर 18 व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास दरमहा 210 रुपये, 30 व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास 577 रुपये आणि 40 व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास 1,454 रुपये भरावे लागतात. उशिराचे मोल या तीन आकड्यांत स्पष्ट दिसते. (1 ऑक्टोबर 2022 पासून आयकर भरणाऱ्यांना या योजनेत नव्याने प्रवेश नाही.)

विसरला जाणारा खर्च

खर्चाचा अंदाज करताना बहुतेक लोक धान्य, तेल, दूध, वीज व औषधे एवढ्यांची बेरीज करतात आणि तेथेच थांबतात. येथेच हिशेब चुकतो. एकत्र कुटुंबात पाणी भरणे, दळण आणणे, कपडे धुणे, बँकेत जाणे, रात्री-अपरात्री डॉक्टरकडे नेणे ही कामे कोणीतरी विनामूल्य करीत असते. बहुतांशी ती सून करते, मुलगी करते किंवा वृद्धाची पत्नी स्वतःचे गुडघे दुखत असताना करते. घर वेगळे झाले की या श्रमांचे मूल्य रुपयांत द्यावे लागते. सुनेच्या श्रमाची किंमत सासऱ्यास प्रथम कळते ती बाईला महिन्याचा पगार देताना, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हा खर्च वयाबरोबर वाढतो. पासष्टाव्या वर्षी भांडी-धुणे पुरते. पंचाहत्तरीत स्वयंपाकास माणूस लागते. ऐंशीनंतर, विशेषतः पडून मांडीचे हाड मोडल्यास, दिवसभर जवळ कोणीतरी असावे लागते. आणि पूर्ण वेळ शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे वेतन हे अन्नधान्याच्या खर्चाहून अधिक होते. यास्तव स्नानगृहात पकडण्यासाठी दांडी, न घसरणारी फरशी, बसण्याजोगे शौचपात्र व जिन्यावर दिवा यांवर एकदा केलेला खर्च हा काटकसरीचाच भाग समजावा. जुन्या बुऱ्हाणपुरातील उंच पायऱ्यांच्या घरांत वरच्या मजल्यावर झोपण्याची सवय असलेल्या वृद्धांनी ती लवकर सोडणे बरे.

एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल एक कल्पित दांपत्य घेऊ. पती 66 वर्षांचा, गिरणीतून निवृत्त झालेला. पत्नी 62 वर्षांची. लालबाग भागात स्वतःचे लहान घर आहे, म्हणून भाडे नाही. निवृत्तिवेतन ठोकळमानाने 2,000 रुपये. भविष्यनिर्वाह निधी, उपदान व बचत मिळून 10 लाख रुपये जवळ आहेत. दोन मुलगे परगावी आहेत.

दरमहा धान्य, भाजी, दूध यांस 6,000 रुपये. गॅस, वीज व पाणी 1,500. नित्याची औषधे 1,800. दूरध्वनी व वर्तमानपत्र 400. भांडी-धुण्याची बाई 1,500. आहेर, लग्नकार्य व देवदर्शन 800. आणि घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती यांसारख्या वार्षिक खर्चाचा मासिक वाटा 1,000. एकूण 13,000 रुपये. प्रत्येक घराचे आकडे निराळे असतील. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत. मात्र आहेराची ओळ कोणी गाळू नये. ती गाळणारे अंदाजपत्रक पहिल्याच लग्नसराईत कोलमडते.

जवळच्या 10 लाखांपैकी 2 लाख आजारपणासाठी बँकेत मुदत ठेवीत वेगळे ठेवले आणि 8 लाख टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतविले, असे धरू. 2004 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सामान्यतः 60 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस खाते उघडता येते. एप्रिल 2023 मध्ये गुंतवणुकीची मर्यादा 15 लाखांवरून 30 लाख रुपये करण्यात आली व व्याजाचा दर 8.2 टक्के ठरला. दर तिमाहीस शासन दर जाहीर करते, म्हणून खाते उघडण्यापूर्वी तो विचारून घ्यावा. एकदा उघडलेल्या खात्यास मात्र पाच वर्षे तोच दर लागू राहतो. 8.2 टक्के दराने 8 लाखांवर वर्षाला 65,600 रुपये, म्हणजे तिमाहीस 16,400 रुपये व्याज येते. महिन्याला ते सुमारे 5,467 रुपये पडते. ज्यांना दरमहा रक्कम हवी असेल त्यांच्यासाठी टपाल खात्याचीच मासिक उत्पन्न योजना आहे. तिची मर्यादा एका व्यक्तीच्या खात्यास 9 लाख व संयुक्त खात्यास 15 लाख रुपये आहे, परंतु तिचा दर ज्येष्ठ नागरिक योजनेहून कमी आहे.

या दांपत्याचे उत्पन्न 2,000 अधिक 5,467, म्हणजे 7,467 रुपये झाले. खर्च 13,000. महिन्याची तूट 5,533 रुपये.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. महागाई दरसाल 6 टक्के धरली तर खर्च 12 वर्षांत दुप्पट होतो. पती 78 वर्षांचा होईल तेव्हा आज 13,000 रुपयांत मिळणाऱ्या वस्तूंस व सेवेस 26,000 रुपये लागतील. निवृत्तिवेतन मात्र तेच राहील. म्हणून हाताशी आलेल्या रकमेचे सर्व व्याज सुरुवातीपासून खर्चून टाकणे हा मार्ग धोक्याचा आहे. पहिल्या काही वर्षांत, हातपाय चालत असताना, जेवढे मागे टाकता येईल तेवढे टाकावे. निवृत्तीच्या वर्षी घराला नवा मजला चढविणे किंवा नातवाच्या लग्नात निधी रिकामा करणे ही या भागातील सर्वसामान्य चूक आहे. ती प्रेमापोटी होते, म्हणून तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

निराधार व दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्र शासनाने 1995 मध्ये वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा त्याची रक्कम 75 रुपये होती. पुढे ती 200 रुपये झाली. 2011 पासून पात्रतेचे वय 60 करण्यात आले व 80 वर्षांवरील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा 500 रुपये ठरला. मध्य प्रदेश शासन त्यात आपली भर घालून दरमहा 600 रुपये देत आले आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली 65 वर्षांवरील पात्र वृद्धास 2023 पासून दरमहा 1,500 रुपये मिळू लागले. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये असून अर्जदार किमान 15 वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो.

रावेरकडील रक्कम मोठी दिसली म्हणून बुऱ्हाणपुरातील वृद्धाने मेव्हण्याच्या घरचा पत्ता देऊन अर्ज करावा, असे नाही. खोट्या पत्त्यावर मिळालेले साहाय्य परत भरावे लागते आणि हक्काचे साहाय्यही त्यापायी बंद होते. ज्या राज्यात वास्तव्य व शिधापत्रिका, त्याच राज्यात अर्ज करावा. मध्य प्रदेशातील स्त्रियांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. जून 2023 मध्ये सुरू झालेली लाडली बहना योजना 60 वर्षांखालील स्त्रियांसाठी आहे. साठी ओलांडताच ती रक्कम थांबते, आणि वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा अर्ज आधी तयार नसेल तर मधले महिने रिकामे जातात.

सीमाभागात कागदपत्रांची एक खास अडचण उद्भवते. मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘माळी’ किंवा ‘काळे’ असलेले आडनाव हिंदी अर्जावर ‘माली’ किंवा ‘काले’ होते; मराठी रीतीने मध्ये लिहिलेले वडिलांचे अथवा पतीचे नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. बँकेस ही दोन माणसे वाटतात. आधार पत्र, बँकेचे पुस्तक, शिधापत्रिका व निवृत्तिवेतनाचा आदेश या चारही ठिकाणी नाव एकाच रीतीने लिहिलेले असावे. गावातील शिक्षकाने सवड काढून शेजारच्या वृद्धांचे हे चार कागद एकदा पडताळून दिले, तर पुष्कळांचे हेलपाटे वाचतील. हयातीच्या दाखल्याचेही तसेच. नोव्हेंबर 2014 पासून तो अंगठ्याच्या ठशावर संगणकाद्वारे देता येतो. शासकीय निवृत्तिवेतनधारकांनी तो नोव्हेंबरात द्यावयाचा असतो. गिरणी कामगारांच्या योजनेत तो वर्षातून केव्हाही देता येतो व दिल्यापासून बारा महिने चालतो. मुदत चुकली की निवृत्तिवेतन थांबते.

आजारपण

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळू लागले. त्यासाठी आधार पत्राच्या साहाय्याने स्वतंत्र कार्ड काढावे लागते. या योजनेविषयी एक गैरसमज आढळतो. हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, चष्मा, दातांची कवळी व घरी ठेवलेली परिचारिका यांचा खर्च त्यातून मिळत नाही. आणि महिन्याचे अंदाजपत्रक याच गोष्टी बिघडवितात. रोजच्या गोळ्या शासकीय रुग्णालयातून विनामूल्य घ्याव्यात किंवा जनऔषधी केंद्रातून त्याच घटकांच्या स्वस्त गोळ्या घ्याव्यात. 60 ते 70 या दहा वर्षांसाठी, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसल्यास, आरोग्यविम्याचा विचार करावा. 1 एप्रिल 2024 पासून 65 वर्षांवरील व्यक्तीसही नवा विमा घेण्यास वयाची आडकाठी राहिलेली नाही. हप्ता मात्र मोठा असतो.

घर कोणाच्या नावावर

वृद्धाच्या स्वातंत्र्याचा खरा आधार त्याचे घर असते. यासंबंधी मध्य प्रदेशातीलच एक खटला प्रत्येक गावात वाचून दाखवावा असा आहे. छतरपूर जिल्ह्यातील एका मातेने 1968 मध्ये घेतलेली मालमत्ता 7 सप्टेंबर 2019 रोजी मुलास बक्षीसपत्राने दिली. त्याच दिवशी मुलाने आईचा अखेरपर्यंत सांभाळ करण्याचे वचनपत्र लिहून दिल्याचे आईचे म्हणणे होते. पुढे सांभाळ होईना, म्हणून डिसेंबर 2020 मध्ये तिने उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. बक्षीसपत्र रद्द ठरले. मुलाची अपिले फेटाळली गेली. परंतु उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल फिरविला, आणि अखेर 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निर्णय देऊन 28 फेब्रुवारी 2025 पर्यंत मालमत्तेचा ताबा तिला देण्याचा आदेश दिला. हा कायदा वृद्धांच्या कल्याणासाठी आहे, म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती. आईस न्याय मिळाला. त्यास चार वर्षांहून अधिक काळ आणि दिल्लीपर्यंतची वाट लागली.

ज्या कायद्याखाली हे घडले तो आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीचा 2007 चा कायदा होय. त्याच्या कलम 23 अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळविता येते. परंतु डिसेंबर 2022 मध्ये हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की मालमत्ता अशा अटीवर दिली होती हे सिद्ध झाले पाहिजे. ‘मुलगा सांभाळीलच’ हे मनात धरून कोऱ्या विश्वासाने केलेल्या दस्तास या कलमाचा उपयोग होईलच असे नाही. यावरून दोन गोष्टी निघतात. हयातीत घर द्यावयाचेच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट शब्दांत लिहावी. त्याहून चांगले म्हणजे बक्षीसपत्र करूच नये, मृत्युपत्र करावे. बक्षीसपत्राने मालकी तत्काळ जाते, मृत्युपत्राने मृत्यूनंतर जाते आणि तोपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते. दोन साक्षीदारांच्या सह्या त्यास आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. अनेक वडील बक्षीसपत्र करतात ते मुलांत पुढे भांडण नको म्हणून. त्या हेतूस मृत्युपत्रही तितकेच पुरे पडते.

याच कायद्याने स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांस मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो; मूल नसलेल्या ज्येष्ठास त्याची मालमत्ता ज्याच्याकडे जाणार त्या नातेवाइकाकडून मागता येतो. भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे (मध्य प्रदेशात त्यास अनुविभागीय अधिकारी म्हणतात) करावयाचा असतो, वकील लावावा लागत नाही, आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे. निकालापूर्वी तडजोड करून देण्याचीही कायद्यात सोय आहे, व बहुतेक घरांस तीच मानवेल. लातूर जिल्हा परिषदेने नोव्हेंबर 2020 मध्ये आईवडिलांस न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून 30 टक्के रक्कम कापून ती आईवडिलांस देण्याचे ठरविले. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांत शिक्षकही होते, हे येथे लिहिणे सुखाचे नाही. कोठे जावे हे न समजणाऱ्या वृद्धांसाठी 14567 हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो.

घरावरून पैसे उभे करण्याचा आणखी एक मार्ग 2007 पासून उपलब्ध आहे. 60 वर्षांवरील घरमालक आपले घर बँकेकडे उलट गहाण ठेवून दरमहा रक्कम घेऊ शकतो व हयातभर त्याच घरात राहू शकतो. त्याच्या व त्याच्या पत्नीच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे, नाहीतर बँक ते विकून आपले पैसे वसूल करते. परंतु त्यासाठी मालकीचे कागद निर्वेध हवेत. आजोबांच्या नावावरच राहिलेल्या, भावाभावांत वाटणी न झालेल्या जुन्या घरांवर बँक अशी रक्कम देत नाही. आणि या शहरातील जुनी घरे पुष्कळशी तशीच आहेत.

शुल्क देऊन राहणे

घरी राहणे अशक्य झाल्यास निवासस्थान शोधावे लागते. महाराष्ट्र शासनाने 1995 मध्ये आखलेल्या मातोश्री वृद्धाश्रम योजनेत निम्म्या जागा विनामूल्य आणि निम्म्या माफक मासिक शुल्कावर ठेवण्याची कल्पना होती. 2007 च्या कायद्यानेही प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांची सोय असलेला आश्रम असावा असे म्हटले आहे. पुण्यासारख्या शहरांत ऐपतदार ज्येष्ठांसाठी स्वतंत्र सदनिकांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. मे 2024 मध्ये महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने अशा इमारतींसाठी रुंद दरवाजे, उद्वाहन व उतार यांविषयी बंधनकारक नियम केले. मुलाने पुण्यात अशी जागा पाहिली असेल, तर सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न थोडे पण महत्त्वाचे आहेत : अनामत रकमेतून परत किती व केव्हा मिळणार? मासिक शुल्कात जेवण, वीज व परिचारिका धरली आहे काय? दरसाल शुल्क किती वाढणार? अंथरुणास खिळल्यावर राहू देतात की घरी पाठवितात? आणि दोघांपैकी एक गेल्यावर शुल्क किती उरते? उत्तरे तोंडी घेऊ नयेत, करारात शोधावीत.

आता लालबागच्या त्या दांपत्याची 5,533 रुपयांची तूट पुन्हा पाहू. पुढची खोली एखाद्या विद्यार्थ्यास 1,500 रुपये भाड्याने दिली, तर घरात रात्रीचे कोणी सोबतीस राहील हा वेगळा लाभ. दोन्ही मुलांनी प्रत्येकी 2,000 रुपये दरमहा पाच तारखेच्या आत बँकेतून परस्पर पाठविण्याचे ठरविले, तर 5,500 रुपये होतात आणि तूट 33 रुपयांवर येते. रक्कम बँकेतूनच यावी. ‘लागतील तेव्हा मागा’ या व्यवस्थेत आई मागत नाही आणि मुलाच्या ते ध्यानात येत नाही.

पती आधी गेल्यास पत्नीस त्याचे निम्मे निवृत्तिवेतन, म्हणजे 1,000 रुपये मिळेल. खर्च मात्र निम्मा होत नाही, कारण दिवा तेवढाच जळतो व बाईचा पगारही तेवढाच राहतो. तो सुमारे 9,000 रुपये धरावा लागेल. निवृत्तिवेतन, 5,467 रुपये व्याज, खोलीचे भाडे व मुलांची रक्कम मिळून 11,967 रुपये येत राहिले तर तिचा चरितार्थ चालेल व महिन्याला 2,967 रुपये पुढच्या शुश्रूषेसाठी मागे पडतील. त्यासाठी बचत योजनेचे खाते आजच दोघांच्या नावे संयुक्त उघडलेले असावे, म्हणजे ते तिला मुदतीपर्यंत तसेच चालविता येते. घराचे मृत्युपत्रही तिच्या नावे झालेले असावे, आणि कागदांची पेटी कोठे आहे हे तिला ठाऊक असावे.